जिन्याखालचा मामेभाऊ

१

पडद्यावर दार उघडलं आणि ट्रे घेतलेली मोलकरीण दिसायच्या ऐवजी हीरो गच्चीत उभा राहून सिगारेट पेटवताना दिसला. तेवढ्यात कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, "वेट!" हीरो काही थांबला नाही, त्याने तिला भीक घातली नाही. त्याने झुरका मारला. हॉलमधले रसिक खदाखदा हसले. रसिकांना हसायला एवढंसं निमित्त पुरतं.

पहिल्या रांगेतली म्हातारी मात्र हसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती मान तिरकी करून बसली होती. "आली आणि गेली," ती म्हणाली. "ती गेली गं."

ही म्हातारी म्हणजे ट्रेवाली. हॉलिवूडचा तो जुना काळा-पांढरा सिनेमा, सगळे ज्याला जिन्याचा सिनेमा म्हणतात, त्यात चहाचा ट्रे घेऊन येणारी मोलकरीण हिने केली होती. बाप जहाजावर स्वयंपाकी. तिकडच्या बंदरात उतरला तो तिथेच राहिला, आणि पोरीला स्टुडिओत गर्दीत उभं राहायचं काम मिळालं. मोलकरणीचा हा रोल म्हणजे तिचं सगळ्यात मोठं यश. पुढे लग्न झालं, ती इकडे आली, शिवणकामाचे वर्ग घेऊन म्हातारी झाली. सिनेमा तिकडे अमर झाला आणि तिचं दृश्य मेलं. सिनेमा लांबला म्हणून कंपनीने नंतर कात्री लावली, त्यात नेमकं तेच गेलं. आज जग बघतं तो कापलेला सिनेमा. पूर्ण प्रत फक्त म्हातारीच्या पलंगाखाली, पत्र्याच्या डब्यांत पडून होती. तिकडून निघताना कॅमेरामनने दिलेली भेट. तिने ती कधी लावून बघितलीच नव्हती.

आता बघायची घाई होती, कारण डोळे चालले होते. समोरचं सगळं काळं, कडेकडेने थोडं दिसायचं. जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून हा रविवार सकाळचा खास खेळ, सत्कार, शाल, भाषण.

भाषण अर्थात सरांचं. सर म्हणजे चित्रपट मंडळाचे अध्यक्ष. बोलताना ते आपलं तोंड समोरच्याच्या तोंडाला भिडवतात, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे क्लोजअप म्हणतात. या सिनेमावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे, आणि त्यात ट्रेच्या थरथरीवर एक अख्खं प्रकरण. पूर्ण प्रत आपण तरुणपणी परदेशातल्या एका संग्रहालयात पाहिली, असं ते सांगतात. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ते खोकत खोकत म्हणाले, "मोलकरीण ट्रे घेऊन आत येते. जिन्याखाली नायिकेचा मामेभाऊ उभा आहे. निःशब्द. त्याला पाहून ट्रे थरथरतो. त्या थरथरीत, मित्रहो, एका संपूर्ण वर्गाचा आक्रोश आहे!" मग त्यांना ठसका लागला. "कोणाकडे खोकल्याची गोळी आहे का हो?" भाचीने पर्समधून काढून दिली.

भाची म्हणजे ट्रेवालीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. म्हातारी तिच्याकडेच राहते. मी भाचीची शेजारीण. दिवे लागले तशी तिने माझा दंड धरला. "ताई, हे काय झालं? मावशीचं दृश्य कुठे आहे?"

मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेले, मधलं रीळ उजेडात धरलं आणि जोड बघितला. फीत तुटली नव्हती. ती कोणीतरी कापली होती.

२

मी जन्मभर सिनेमे कापले. पाटीवर संकलक असं नाव यायचं, स्टुडिओत मला कात्रीबाई म्हणायचे. हीरोंची रडणी कापली, दिग्दर्शकांच्या मेहुण्यांचे रोल कापले, आणि एकदाही कोणी आभार मानले नाहीत. त्यामुळे कापाकापी कोणी केली, कशी केली, हे मला डोळ्यांनी कळतं. हा जोड बघून मला किळस आली. साधी सेलोटेप! तीही वाकडी, एका बाजूने सुरकुतलेली. शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालताना मुलं लावतात तसली. ही फीत मशीनमध्ये अडकून फाटली कशी नाही, याचंच नवल.

भाची आणि मागोमाग सरही वर आलेच होते. "पोलीस नकोत," ते माझ्या नाकापाशी येऊन म्हणाले. "मंडळाची अब्रू जाईल."

मंडळाला अब्रू होती हे मला तेव्हाच कळलं.

"डबे कधी आले इथे?" मी विचारलं.

"काल सकाळी मीच आणून दिले," भाची म्हणाली. "या कपाटात ठेवले. मग मी खाली खुर्च्या लावत होते दुपारपर्यंत."

"आणि खोलीची किल्ली?"

"एक माझ्याकडे," ऑपरेटर म्हणाला, "एक सरांकडे. पण मी इथेच होतो, बाई. डोळ्यांत तेल घालून राखण करत होतो."

या ऑपरेटरच्या डोळ्यांत तेल घातलं असतं तर तो तेवढ्याच आनंदाने झोपला असता. आडदांड माणूस, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कामापेक्षा बढाया जास्त. कोपऱ्यात त्याची सतरंजी अंथरलेलीच होती.

"राखण करत होतास ना? मग सिनेमा आधी एकदा चालवून बघितला असशील."

"बघितला की. म्हणजे, पहिलं रीळ बघितलं. पहिलं चांगलं असलं की पुढची चांगलीच असतात."

"वा! आणि काल इथे कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. सर आले असते तर मला कळलंच असतं. त्यांच्या खिशात तो गोळ्यांचा डबा खुळखुळतो ना, तो जिन्यातच ऐकू येतो. मी लगेच उठून बसतो." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, बसलेलोच असतो. काल काही ऐकू आलं नाही."

सरांनी बोट उगारलं. "बाई, आपण उगाच वेळ घालवताय. चोर समोर उभा आहे. याला फितींचे तुकडे जमवायचा नाद आहे, सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. त्याचं ते खालचं कपाट उघडायला सांगा."

ऑपरेटरचा चेहरा पडला. "ते माझं खासगी कपाट आहे."

"उघड," मी म्हटलं.

त्याने कुरकुरत उघडलं. आत बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा होता, आणि डबाभर कापलेल्या फिती.

३

"सापडला!" सर ओरडले. भाचीने तर ऑपरेटरवर पर्सच उगारली.

मी त्यांना गप्प बसवलं आणि एकेक तुकडा खिडकीशी धरून बघायला लागले. पहिल्यात चुंबन. दुसऱ्यात चुंबन. तिसऱ्यात नायिका न्हाणीघरातून बाहेर येते. पुढे आणखी चुंबनं. मंडळाने आणलेल्या किती उत्तम सिनेमांचे लचके या बाबाने तोडले होते कोण जाणे, आणि एकाही रसिकाला पत्ता लागला नव्हता. तरी दर वेळी चर्चा मात्र सिनेमा संपला की तासन्‌तास व्हायची.

ट्रे कुठेच नव्हता.

"मला मोलकरीण कशाला चोरायचीय?" ऑपरेटर चिडून म्हणाला. चोरी पकडली गेली याचं त्याला काही नव्हतं, आवड चुकीची सांगितली याचा राग. "म्हातारीचा अपमान नाही करत हो, पण ट्रे घेऊन येणार आणि जाणार, त्यात ठेवण्यासारखं काय? आणि मी कापलं असतं ना, तर तुम्हाला जोड सापडला नसता."

हे खरं होतं. त्याचे तुकडे दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर अगदी सरळ कापलेले होते. भामटा होता, पण हात स्वच्छ होता. सेलोटेप लावणाऱ्याचा आणि त्याचा दुरूनही संबंध नव्हता.

"मग सांगा," मी तिघांकडे बघत म्हटलं, "सिगारेटवर तो 'वेट' कुठून आला?"

"कुठून म्हणजे?" सर म्हणाले. "गच्चीच्या दृश्यातलाच असणार."

"त्या दृश्यात हीरो एकटा आहे. तुम्ही पुस्तक लिहिलंय, तुम्हाला माहीत हवं."

सरांनी घसा खाकरला. मी त्यांना समजावून सांगितलं, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं. फितीवर आवाज त्या त्या चित्राच्या शेजारी नसतो, जरासा आधी छापलेला असतो. मशीनमध्ये चित्र दिसायची जागा वेगळी, आवाज वाजायची वेगळी, म्हणून. त्यामुळे नुसतं चित्र बघून दृश्य कापलं की त्या दृश्याचा पहिला शब्द मागच्या तुकड्यावर राहून जातो, आणि पुढच्याच दृश्यावर वाजतो. आमच्या धंद्यात नवशिके ही चूक पहिल्याच दिवशी करतात आणि शिव्या खाऊन सुधारतात.

"म्हणजे 'वेट' हा चोरलेल्या दृश्यातला पहिला शब्द," मी म्हटलं. "आणि चोराने ते दृश्य हाताने फिरवायच्या त्या छोट्या यंत्रावर बघितलं. त्यात चित्र दिसतं, आवाज येत नाही." ते यंत्र टेबलावरच होतं, आणि शेजारी कात्री.

"मग तो शब्द ट्रेवालीचाच," सर पटकन म्हणाले. "दृश्यात दुसरी बाईच नाही. मामेभाऊ तर एक अक्षर बोलत नाही."

"असेल," मी म्हटलं. "तिलाच विचारू."

भाची दारात थबकली. "ताई, मावशीला आज नका विचारू," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आधी मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

४

तिने सांगितलं ते घरी पोचल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून.

"हा खेळच होऊ नये असं मला वाटत होतं, ताई. मी मावशीला म्हटलंही, राहू दे, कशाला उगाच. माझ्या सुनेच्या माहेरचे आले होते आज. मोठी माणसं. आम्ही त्यांना सांगितलंय की आमची मावशी हॉलिवूडची नटी होती. आता पडद्यावर ती डोक्याला टोपी घालून चहा देताना दिसणार! काय वाटलं असतं त्यांना?"

"काय वाटलं असतं? चहा हवासा वाटला असता."

"तुम्ही थट्टा करा. पण मी नाही हो कापलं. शपथ."

मला तिच्यावर विश्वास ठेवायला शपथ लागत नव्हती. बाई नाकावर पदर धरून जगणारी आहे, पण बुद्धू नाही. डबे वर्षानुवर्षं तिच्याच घरात, म्हातारीच्या पलंगाखाली होते. भंगारवाल्याला दिले असते, ओलीने खराब झाले म्हटलं असतं, कोणी काय विचारणार होतं? त्यासाठी भर मंडळात जाऊन कात्री चालवायला कोण जाईल? लाज वाटणारी माणसं गुपचूप घरीच आवरतात.

म्हातारी आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसली होती. सत्काराची शाल तिने खुर्चीच्या पायाखाली, फरशी ओली होती तिथे, टाकली होती. मला ती त्याच क्षणी आवडली.

"मावशी," मी म्हटलं, "तो 'वेट' तुमचा आवाज होता का?"

"माझा?" तिने तोंड वाकडं केलं. "तो कावळ्यासारखा आवाज माझा वाटला तुला? तिचा होता तो. म्हणून तर म्हटलं, आली आणि गेली. ऐकू आली, पण दिसली नाही."

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. सकाळपासून ती "ती गेली, ती गेली" म्हणत होती, आणि मी आपली समजत होते फीत गेली. तीही 'ती'च ना!

"ती म्हणजे कोण, मावशी?"

"जिन्याखालची. माझी खोलीवाली." म्हातारीने हात पुढे करून माझा हात चाचपून धरला. "आम्ही एका खोलीत राहायचो. दोघींत एक बरा कोट, ज्या दिवशी जिला बोलावणं तिने घालायचा. मला मोलकरीण मिळाली आणि तिला नायिकेची बहीण. मी जळफळले हो, कारण तिला बसायला खुर्ची होती. पण तिच्याकडे बूट नव्हते, मग माझे दिले. एक माप मोठे. ती म्हणते 'वेट!' आणि पुढे येते. ती आली, आणि एक बूट मागेच राहिला! आणि ही बया चेहऱ्यावरची रेषही न हलवता एका पायात बूट घालून चालतेय. मला हसू आवरेना. दात आवळून धरले, तर हातातला ट्रे खुळखुळायला लागला. दिग्दर्शकाला वाटलं मी अभिनय करतेय. म्हणाला, छान, ठेवा."

"म्हणजे ती थरथर..."

"हसू दाबत होते गं! आक्रोश कसला डोंबलाचा! मी त्या माणसाला सकाळी सांगणार होते, पण तो गप्प बसेल तेव्हा ना."

मला हसू आलं, पण तिला येत नव्हतं.

"सिनेमा लागायच्या आतच ती गेली. तापाचं निमित्त झालं. तिच्याकडे फोटो काढायला पैसे नव्हते आणि माझ्याकडेही. नावांच्या पाटीवर माझं शेवटी का होईना, आहे. तिचं नाहीच. मग दृश्यही कापलं. एवढी वर्षं डबे होते, पण ते लावायची हिंमत झाली नाही. आता डोळे जायला लागले तशी घाबरले. मला मी नको होते बघायला. मला ती बघायची होती, एकदा."

भाची दारात उभी राहून डोळे पुसत होती. सुनेच्या माहेरचे ती त्या वेळेपुरते विसरली असावी.

"नायिकेची बहीण म्हणालात," मी विचारलं. "कुठली बहीण?"

"कझिन म्हणतात ते. मामेबहीण असेल, मावसबहीण असेल. त्या लोकांना कुठे नात्याचं सोयरसुतक!"

मी उठले. मामेबहीण. आणि सकाळी भरल्या हॉलमध्ये ठासून काय सांगितलं होतं? मामेभाऊ.

५

दुपारी मी सगळ्यांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. चारी भिंतींवर जगातल्या मोठमोठ्या दिग्दर्शकांचे फोटो आहेत आणि प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये सरांचा. सर टेबलामागे बसले होते. ऑपरेटर भिंतीला टेकून, भाची स्टुलावर. म्हातारीला आणलं नव्हतं. तिने या खोलीतली हवा का खावी?

"सर," मी म्हटलं, "पूर्ण सिनेमा तुम्ही कधी पाहिलात म्हणालात?"

"तरुणपणी. परदेशात. पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आहे ते."

"आणि जिन्याखाली मामेभाऊ उभा होता."

"अर्थात. सभ्य, उंच, डोळ्यांत एक थंड..." त्यांना ठसका लागला.

"मामेभाऊच कशावरून? आतेभाऊ का नाही?"

सर हसले. अडाण्यांसाठी त्यांनी राखून ठेवलेलं हसू आहे, ते. "बाई, बारकाव्यांत नको जायला."

"मी बारकाव्यांवरच जगले. जगभर दाखवतात त्या कापलेल्या सिनेमात नायिका पोलिसाला एकच वाक्य सांगते, माय कझिन वॉज हिअर. बस. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. इंग्रजीत कझिन म्हटलं की सुटले. आपल्याला मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं, चुलत की मावस, आते की मामे, भाऊ की बहीण. आला म्हणायचं की आली. तुम्ही ते दृश्य कधी पाहिलंच नव्हतं, सर. कोणाच्या तरी इंग्रजी लेखात वाचलं असेल, कझिनपुढे मोलकरणीचा ट्रे थरथरला. मग मराठीत लिहिताना अंदाजाने ठोकून दिलं, मामेभाऊ. दृश्य तर जगातून गेलेलं, कोण तपासणार? पुस्तक गाजलं, खुर्ची मिळाली, अध्यक्षपद मिळालं. आणि एका शिवणबाईच्या पलंगाखालून डबे निघाले."

"हे बेछूट आरोप आहेत!"

"काल तुम्ही आपल्या किल्लीने वर गेलात. हा बाबा घोरत होता."

"पडलो होतो फक्त," ऑपरेटर म्हणाला.

"हाताच्या यंत्रावर तुम्ही मधलं रीळ फिरवलंत आणि जिन्याखाली बघितलंत, तर मामेभावाने झगा घातलाय! उद्या भर सभेत सगळे बघणार. टेबलावर कात्री होती, सेलोटेप होती. पण यंत्रात आवाज नसतो, त्यामुळे तिचा एक शब्द मागे राहिला हे तुम्हाला कळलं नाही. म्हणून वर म्हणालात, दृश्यात दुसरी बाईच नाही. अहो, आहे ना! तिनेच तुमचं नाव सांगितलं."

सर उभे राहिले. "पुरावा काय?" आणि पुन्हा ठसका. चांगला लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारा.

"गोळी घ्या की," मी म्हटलं.

ते हलले नाहीत.

"सकाळी भाचीकडे गोळी मागितलीत. तुमच्या खिशात कायम गोल डबा असतो, जिन्यातून ऐकू येतो म्हणे. काल ऐकू आला नाही. आत्ताही खिसा फुगलेला दिसतोय, पण खुळखुळत नाही. काल हा जागा होऊ नये म्हणून जिना चढायच्या आधीच गोळ्या काढून टाकल्या असतील, नाही का? तेवढ्या लहान दृश्याची गुंडाळी अगदी बेताने मावते त्यात."

ऑपरेटर पुढे झाला. सरांनी स्वतःच डबा काढून टेबलावर ठेवला. मी झाकण उघडलं. आत गुंडाळलेली फीत होती, तिला कापराचा आणि ज्येष्ठमधाचा वास येत होता.

"मी ती नष्ट केली नाही," सर म्हणाले. तोंड आता पहिल्यांदाच योग्य अंतरावर होतं. "हे लक्षात घ्या. संशोधक कधी पुरावा नष्ट करत नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती येतेय, त्यात मी योग्य ती दुरुस्ती करणार होतो. मग फीत सापडली असं जाहीर केलं असतं. मोठा समारंभ करून. मावशींनाच प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं असतं."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

भाची स्टुलावरून उठली. "पुढच्या वर्षी मावशीला काय दिसणार आहे?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्या थरथरीत अख्ख्या वर्गाचा आक्रोश ऐकू येणारा हा माणूस. "तो मुद्दा," ते म्हणाले, "माझ्या ध्यानात आला नाही."

मी खूप हलकट माणसं पाहिलीत, सिनेमाच्या धंद्यात त्यांची टंचाई नाही. पण हलकटाला निदान माहीत असतं तो काय करतोय. याला तेवढंही नव्हतं. मी डबा उचलला आणि त्याच्याशी आणखी बोलून तोंड विटाळलं नाही.

६

जोड मी लावला. सेलोटेप सोडवताना फितीचा एक कोपरा गेला, त्याबद्दल त्या माणसाला मी अजून शिव्या देते.

हॉलमध्ये आम्ही चौघंच. म्हातारीला भाचीने पडद्याच्या अगदी जवळ नेलं आणि समोर तोंड करून बसवलं. तिने खुर्ची वळवून घेतली. समोरचं दिसत नव्हतं ना, म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. डोळ्याच्या कडेला पडदा आला. सिनेमाकडे पाठ फिरवल्यासारखी बसली होती, आणि बघत होती.

"लाव रे," मी वर ओरडले.

पडद्यावर दार उघडलं.

"वेट!"

जिन्याखाली एक मुलगी. लांब मान, नाक जरा मोठं, केस घाईत बांधलेले. नटी म्हणावी असं काहीच नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि मागे फरशीवर एक बूट तसाच उभा राहिला. ट्रेवाली वळली. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, कपबशा खुळखुळताहेत. आक्रोश म्हणे! आंधळ्यालाही कळलं असतं की ही पोरगी आता फुटणार आहे.

"थांबलेय गं," म्हातारी भिंतीकडे बघत म्हणाली. "थांबलेय ना."

मग हीरोने सिगारेट पेटवली. या खेपेला त्याला कोणी हटकलं नाही. ऑपरेटरने मशीन बंद केलं.

भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि नेहमीसारखं भलतंच बोलली. "मावशी, किती छान दिसत होतीस गं तू!"

"मी?" म्हातारी म्हणाली. "मी कुठे बघितलं मला?" तिने काठी जमिनीवर आपटली. "ए ऑपरेटर! परत लाव."

त्याने परत लावलं.